पॅरासेलिंग : दोर, वारा आणि विश्वास

हिवाळ्याच्या सुट्ट्या सुरू झाल्या, की समुद्रकिनारे माणसांनी फुलून जातात. गोव्यातील कळंगुट-बागा असो, मालवणजवळचे तारकर्ली-देवबाग असो, दीवचा नागोआ किनारा असो वा कर्नाटकातील मलपे, एक दृश्य आता या साऱ्या ठिकाणी समान झाले आहे. पाण्यावरून एक मोटारबोट वेगाने धावत असते, तिच्यामागे आकाशात रंगीबेरंगी छत्र तरंगत असते आणि त्या छत्राखाली एक-दोन माणसे पाय हलवीत अधांतरी बसलेली असतात. किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांच्या मनात कुतूहल आणि धास्ती यांचे मिश्रण असते. मुले हट्ट धरतात, आजी-आजोबा नको म्हणतात आणि एल.एफ.सी.च्या सहलीचा हिशेब सांभाळणारा कुटुंबप्रमुख दर विचारून येतो. विचारायचे ते मात्र बहुधा तेवढेच विचारले जाते.

या क्रीडाप्रकाराचे नाव पॅरासेलिंग. त्याची ओळख करून देताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. गिर्यारोहण, पोहणे, घोडेस्वारी या छंदांत माणसाचे स्वतःचे कौशल्य पणाला लागते. पॅरासेलिंगमध्ये आकाशात गेलेल्या माणसाकडे करण्यासारखे जवळजवळ काहीच नसते. त्याच्या हाती सुकाणू नसते, लगाम नसतो, दोर कमी-अधिक करण्याची सोयही नसते. तो केवळ प्रवासी असतो. म्हणूनच या खेळातील प्रवाशाचे सारे शहाणपण उड्डाणापूर्वी, पाय जमिनीवर असतानाच वापरायचे असते. ते कसे वापरावे, हे समजण्यासाठी हा खेळ चालतो कसा, हे आधी पाहू.

नामसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ

पॅराशूट, पॅराग्लायडिंग आणि पॅरासेलिंग हे तीन शब्द आपल्याकडे पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः तिन्ही प्रकार भिन्न आहेत. पॅराशूटने विमानातून उडी घेणारा माणूस वरून खाली येतो. छत्राचे काम त्याचा पडण्याचा वेग आवरण्याचे. पॅराग्लायडिंगमध्ये वैमानिक डोंगराच्या कड्यावरून झेप घेतो आणि हातांतील दोऱ्यांनी पंखासारखे छत्र वळवीत, हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहांचा शोध घेत मुक्तपणे विहरतो. पुणे जिल्ह्यातील कामशेत आणि हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग ही त्याची नावाजलेली ठिकाणे. बीर-बिलिंगला २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धाही झाली होती. पॅराग्लायडिंग शिकावे लागते. नवख्या माणसाला प्रशिक्षित वैमानिकाच्या सोबतीनेच उडता येते.

पॅरासेलिंगमध्ये छत्र एका दोराने बोटीला अथवा वाहनाला कायमचे बांधलेले असते. वाहन ओढते, म्हणून छत्र वर जाते. संक्रांतीला गच्चीवर जाणाऱ्या प्रत्येकाला हे तत्त्व ठाऊक आहे. वारा पडला, की पतंग उडवणारे मूल मांजा हाती धरून धावत सुटते आणि पतंग पुन्हा चढू लागतो. पॅरासेलिंगमध्ये धावणाऱ्या मुलाच्या जागी बोट असते आणि पतंगाखाली माणूस असतो, इतकाच फरक.

खर्चात बचत करण्यासाठी लागलेला शोध

पतंगाने माणूस उचलण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच झाले होते. त्यांचा हेतू शत्रूच्या हालचाली उंचावरून पाहणे हा होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी तर फिरत्या पात्यांचा एक पतंग वापरला. पाणबुडी पृष्ठभागावरून धावत असताना तो तिच्यामागे दोराने बांधून सोडला जाई आणि त्यात बसलेला टेहळणी करणारा सैनिक दूरवरची जहाजे न्याहाळी.

आजच्या पॅरासेलिंगचा जन्म मात्र १९६०च्या दशकाच्या आरंभी फ्रान्समध्ये झाला. पिएर-मार्सेल लमवान या अभियंत्याने १९६१ च्या सुमारास छत्राच्या कापडात ठरावीक जागी फटी ठेवून असे पॅराशूट बनवले, की जे ओढले असता वर चढे. पॅराशूटची उडी शिकवायची तर प्रत्येक वेळी विमान उडवावे लागते आणि ते महागाचे काम. शिकाऊ माणसाला जमिनीवरूनच दोराने ओढून उंच न्यावे, तेथे सोडावे आणि उतरण्याचा सराव द्यावा, असा हा किफायतशीर उपाय होता. अमेरिकेतील पायोनियर पॅराशूट कंपनीने या रचनेचे हक्क घेतले आणि त्यातून निघालेले ‘पॅरा-कमांडर’ हे छत्र पुढील दशकात पॅराशूटपटूंमध्ये फार लोकप्रिय झाले.

प्रशिक्षणाचे हे साधन लवकरच किनाऱ्यावरच्या करमणुकीचे साधन बनले. आरंभी प्रवाशाला वाळूवर उभे करीत, बोट धावू लागली की त्यालाही चार पावले धावावे लागे आणि उतरताना तो वाळूवर वा पाण्यात आदळे. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क मॅक्युलो यांनी बोटीच्या मागच्या बाजूस उड्डाणाचा मंच आणि दोर गुंडाळणारे विंच बसवण्याची कल्पना विकसित केली. विंच म्हणजे विहिरीवरच्या रहाटाचेच यंत्रचलित रूप. दोर सोडला की प्रवासी बोटीवरून अलगद वर जातो, दोर गुंडाळला की पुन्हा त्याच मंचावर उतरतो. धावणे नाही, आपटणे नाही आणि मनात नसेल तर भिजणेही नाही. या सुधारणेमुळे पॅरासेलिंग साहसवीरांपुरते न राहता कुटुंबाचे झाले. ज्येष्ठ नागरिक आणि पायांनी अधू असलेल्या व्यक्तीही, योग्य साहाय्य असल्यास, त्याचा आनंद घेऊ शकतात, हे या खेळाचे मोठेच वैशिष्ट्य.

छत्र वर कसे जाते?

पॅरासेलिंगचे छत्र अर्धगोलाकार, हलक्या पण मजबूत कृत्रिम कापडाचे असते. बोट पुढे धावली, की समोरून येणारी हवा त्यात भरते. छत्र किंचित मागे कललेले असल्याने हवेचा दाब त्याला मागे रेटतो, तसाच वरही उचलतो. मागे जाऊ न देण्याचे काम दोर करतो. उरते ते वर चढणे. छत्राच्या मागील भागातील फटींतून काही हवा बाहेर पडते, त्यामुळे ते डोलत न राहता स्थिर राहते आणि त्याचे तोंड बोटीच्या दिशेला टिकते.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की छत्राला बोटीचा वेग कळत नाही. त्याला कळतो तो केवळ समोरून येणाऱ्या हवेचा वेग. बोट ताशी २० किलोमीटरने वाऱ्याच्या विरुद्ध जात असेल आणि वारा ताशी १५ किलोमीटरचा असेल, तर छत्रावर ३५ किलोमीटर वेगाची हवा येते. हीच बोट वळून वाऱ्याच्या दिशेने जाऊ लागली, की छत्राच्या वाट्याला फक्त ५ किलोमीटरचा वेग उरतो आणि ते खाली येऊ लागते. या बेरीज-वजाबाकीवर चालकाचे सारे कौशल्य अवलंबून असते.

दुसरा नियम अधिक कठोर आहे. हवेचा दाब वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेचा वेग दुप्पट झाला, तर छत्रावरील आणि पर्यायाने दोरावरील ओढ चौपट होते. वेग तिप्पट झाला, तर नऊपट. बँकेच्या वाचकांना चक्रवाढ व्याजाची गती नवी नाही. ‘वारा थोडासा वाढला आहे, चालेल,’ हे वाक्य किती फसवे असू शकते, ते या गणितावरून ध्यानात यावे.

उंचीबाबतही एक खुलासा उपयुक्त ठरेल. ‘तीनशे फूट’ असे फलकावर लिहिलेले असते, तेव्हा ती पुष्कळदा दोराची लांबी असते. दोर सरळ वर जात नाही, तो तिरपा असतो. तीनशे फूट दोर पाण्याशी ४५ अंशांचा कोन करीत असेल, तर प्रत्यक्ष उंची सुमारे २१० फूट भरते. आनंदासाठी ती पुरेशी आहे. सुमारे वीस मजली इमारतीच्या गच्चीइतकी.

उड्डाणाच्या निरनिराळ्या पद्धती

आपल्याकडे पॅरासेलिंगच्या मुख्यतः तीन पद्धती दिसतात. पहिली, वर वर्णिलेली विंचबोटीची. यात प्रवासी बोटीवरूनच उडतो व बोटीवरच उतरतो. दुसरी, किनाऱ्यावरून अथवा समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या मंचावरून उडण्याची. थायलंडमधील पट्टायाच्या सहलीत ‘कोरल आयलंड’कडे जाताना असा मंच बहुतेक भारतीय पर्यटकांनी पाहिलेला असतो. तेथे प्रवासी मंचावर उभा राहतो, बोट त्याला ओढून एक फेरी मारते आणि पुन्हा मंचावर आणून सोडते. वेळ थोडा लागतो, परंतु उतरण्याची जागा अचूक साधावी लागते आणि ते साधणे चालकाच्या हातोटीवर अवलंबून असते.

तिसरी पद्धत जमिनीवरची. मोकळ्या मैदानात वा वाळवंटात जीपच्या मागे छत्र बांधून ओढतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत पॅरासेलिंगचा अनुभव घेतलेले वाचक आपल्यात निश्चितच असतील. जैसलमेरजवळच्या सम येथेही पर्यटकांसाठी असे पॅरासेलिंग चालते. येथे खाली पाणी नसते, जमीन असते, हे विसरून चालत नाही. उतरताना गुडघे किंचित वाकवून दोन्ही पाय एकत्र ठेवण्याची सूचना देतात, ती याचसाठी.

प्रत्यक्ष उड्डाण

विंचबोटीवर चढल्यावर प्रथम लाइफ जॅकेट घालतात. त्यानंतर मांड्या, कंबर आणि पाठ यांना आधार देणारा पट्ट्यांचा संच, म्हणजे हार्नेस, बांधला जातो. बोट वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून धावू लागते, छत्र फुगते, हार्नेसच्या कड्या छत्राच्या आडव्या दांडीला अडकवल्या जातात आणि प्रवाशाला मंचावर बसवतात. मग विंच हळूहळू दोर सोडू लागते. झटका बसत नाही. पायांखालचा मंच दूर होत गेला, एवढेच जाणवते.

पहिल्या अर्ध्या मिनिटात हात आपोआप पट्टे घट्ट धरतात. त्यानंतर बहुतेकांना आश्चर्य वाटते ते शांततेचे. बोटीच्या इंजिनाचा आवाज दूर राहतो, किनाऱ्यावरचा गलबला ऐकू येत नाही, ऐकू येते ती फक्त वाऱ्याची सळसळ. देवबागसारख्या ठिकाणी एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस कर्ली नदीचे पात्र आणि मधोमध माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी असा नकाशाच डोळ्यांपुढे उलगडतो. उथळ पाण्याचा हिरवट रंग संपून खोल पाण्याचा निळा रंग कोठे सुरू होतो, ती रेषा वरूनच दिसते. काही मिनिटांनी दोर गुंडाळला जाऊ लागतो आणि प्रवासी बोटीवर परत येतो. कित्येकदा चालक मध्येच वेग कमी करून प्रवाशाचे पाय पाण्याला टेकवतो व पुन्हा वर नेतो. ते आवडत नसेल तर आधीच तसे सांगता येते.

धोका नेमका कोठे आहे?

उंचीवर गेलेल्या माणसाला पहिली भीती वाटते ती खाली पडण्याची. इंजिन बंद पडले तर? दोर तुटला तर? वारा मंद असेल, तर या दोन्ही प्रश्नांचे उत्तर दिलासा देणारे आहे. छत्र हे अखेर पॅराशूटच असल्याने ते उघडेच राहते आणि प्रवासी सावकाश पाण्यावर उतरतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागोआ किनाऱ्यावर एका जोडप्याच्या बाबतीत हेच घडले. दोर तुटला, छत्र त्यांना घेऊन समुद्रात उतरले, अंगावर लाइफ जॅकेट होते आणि दोघेही सुखरूप बाहेर आले. ती चित्रफीत तेव्हा देशभर पाहिली गेली.

आता याच घटनेची दुसरी बाजू पाहा. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, पनामा सिटी बीच येथे, दोन किशोरवयीन मुली हवेत असताना वादळी वारा सुटला. वाऱ्याच्या ओढीमुळे विंचला त्यांना खेचून घेता येईना. अखेर दोर तुटला आणि वाऱ्याने त्यांना किनाऱ्याकडे वाहून नेले. त्या एका उंच इमारतीवर आदळल्या, विजेच्या तारांना लागल्या आणि गंभीर जखमी झाल्या. दोन्ही प्रसंगी दोरच तुटला होता. भेद होता तो वाऱ्याचा.

याचे कारण वरच्या बेरीज-वजाबाकीत आहे. बोटीचा वेग चालकाच्या हातात असतो; तो शून्यावर आणता येतो. वाऱ्याचा वेग कोणाच्याच हातात नसतो. वारा मंद असेल तोवर बोट थांबली की छत्र उतरते. परंतु एकटा वाराच छत्राला उचलून धरण्याइतका प्रबळ झाला, की बोट थांबवूनही छत्र खाली येत नाही. पाण्यात उतरलेल्या प्रवाशालाही फुगलेले छत्र फरफटत नेऊ शकते. कुशल चालक अशा वेळी बोट वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे छत्राच्याच दिशेने, नेऊन हवेचा सापेक्ष वेग घटवतो आणि दोर आवरून घेतो. त्यासाठी मोकळे पाणी लागते. बोट किनाऱ्याला खेटून चालली असेल, तर ते पाणीच उरत नाही. मे २०२२ मध्ये फ्लोरिडातच जोरदार वाऱ्यात अडकलेल्या छत्राचा दोर चालकाने कापला. छत्राखालचे तिघे वाहत जाऊन एका जुन्या पुलावर आदळले आणि त्यांतील आईचा मृत्यू झाला.

दुसरा धोका हार्नेसचा. जुलै २०१७ मध्ये थायलंडच्या फुकेत बेटावरील काता किनाऱ्यावर एक वृद्ध ऑस्ट्रेलियन पर्यटक उड्डाण सुरू झाल्यावर काही क्षणांतच पट्ट्यांतून सुटून खाली पडला व मरण पावला. दोर शाबूत होता, छत्र उघडे होते. बांधलेले पट्टे मात्र त्याला धरून ठेवू शकले नाहीत.

तिसरा धोका दोराचा. ऊन, खारे पाणी, वाळूचे कण आणि रोजची ओढाताण यांमुळे दोर बाहेरून धडधाकट दिसत असतानाही आतून झिजत जातो. छत्राकडच्या टोकाला ही झीज सर्वाधिक होते, म्हणून तो भाग वरचेवर कापून टाकण्याची आणि ठरावीक काळाने दोरच बदलण्याची पद्धत आहे. तुटलेला दोर गाठ मारून पुन्हा वापरणे तर सर्वथा गैर. गाठीच्या ठिकाणी दोर तीव्रपणे वाकतो आणि त्याची ताकद बरीच घटते. काही गाठींत ती निम्म्याच्या आसपास उरते. ही झीज आणि वाऱ्याची चौपट होणारी ओढ एकत्र आली, की काय होईल हे सांगायला नको.

नियमांची चौकट

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१४ मध्ये पॅरासेलिंगच्या अपघातांवर विशेष अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी फ्लोरिडाने पॅरासेलिंगसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याला राज्यात मृत्युमुखी पडलेल्या दोघींची आडनावे दिलेली आहेत. एकीचा मृत्यू वादळी वाऱ्यात दोर तुटल्याने झाला होता, दुसरीचा हार्नेस सुटल्याने. सतत वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक असेल, झोतांचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जात असेल, पाऊस वा धुक्यामुळे सुमारे ८०० मीटरपलीकडचे दिसत नसेल अथवा सुमारे ११ किलोमीटरच्या आत विजांचे वादळ आले असेल, तर तेथे उड्डाणास मनाई आहे. हवामानाची नोंदवही आणि विमा हेही बंधनकारक आहेत. २०२२ ची दुर्घटना हा कायदा झाल्यानंतरची, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. नियम कागदावर असतो. त्या दिवशीचा वारा पाहून ‘नाही’ म्हणणारा माणूस बोटीवर असावा लागतो.

आपल्या देशात गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था ही १९९० मध्ये स्थापन झालेली, केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या छत्राखालील संस्था बोटचालक व जीवरक्षक यांना प्रशिक्षण देते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था केली. किनाऱ्यावरील जलक्रीडांसाठी राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळाचीही परवानगी लागते. पावसाळ्यात कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. त्या काळात कोणी ‘आज समुद्र शांत आहे’ असे सांगून उड्डाणाचा आग्रह धरला, तर तेवढ्यावरूनच त्याची पारख व्हावी.

विचारावयाचे प्रश्न

कर्ज देताना बँक अर्जदाराचा चेहरा पाहून निर्णय घेत नाही. कागदपत्रे पाहते, तारण तपासते आणि काही अंतर राखून रक्कम ठरवते. हाच दृष्टिकोन किनाऱ्यावर ठेवावा. पुढील प्रश्न विचारण्यात कोणताही संकोच नको.

१. आयोजकाची नोंदणी आहे काय? बोटीवर नोंदणी क्रमांक आहे काय? चालकाकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे काय?

२. बोटीवर किती कर्मचारी आहेत? चालकाचे लक्ष पुढच्या पाण्याकडे असते. छत्राकडे सतत पाहणारा आणि विंच सांभाळणारा दुसरा माणूस आवश्यकच.

३. दोर कधी बदलला? त्यात गाठी, विस्कटलेले धागे दिसतात काय? छत्राला ठिगळे आहेत काय?

४. हार्नेस आपल्या अंगाबरोबर बसला आहे काय? मांड्यांचे पट्टे बांधले आहेत काय? सर्व कड्या बंद झाल्याचे दुसऱ्या कर्मचाऱ्याने पुन्हा तपासले काय?

५. आज वाऱ्याचा वेग किती आहे आणि किती झाला की तुम्ही उड्डाणे थांबवता? या प्रश्नाला आकड्यात उत्तर देणारा आयोजक विश्वासास अधिक पात्र होय.

६. अडचण आल्यास कोणत्या खुणा करायच्या? छत्र पाण्यात उतरल्यास काय करायचे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपणही लक्षात ठेवावे. पाण्यात उतरल्यावर घाबरून हातपाय मारू नयेत, लाइफ जॅकेटवर विसंबून पाठीवर तरंगावे, छत्र व दोऱ्यांपासून दूर सरकावे आणि बोट येईपर्यंत थांबावे. पोहता न येणाऱ्यांनाही हे जमते, मात्र लाइफ जॅकेट मापाचे आणि नीट बांधलेले हवे.

वेळेची निवडही महत्त्वाची. शालेय भूगोलात वाचलेले मतलई वारे आणि खारे वारे येथे उपयोगी पडतात. आपल्या किनाऱ्यावर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात; ऊन चढले, की समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे सुरू होतात आणि दुपारी त्यांचा जोर वाढतो. त्यामुळे सकाळची वेळ सामान्यतः अधिक अनुकूल. स्थानिक मच्छीमारांना याची उत्तम जाण असते. समुद्राकडे पाहून ज्या दिवशी तांडेल आपली होडी वर ओढून ठेवतो, त्या दिवशी पर्यटकाने हवेत जाण्याचे कारण नाही.

कोणी टाळावे? काय तयारी करावी?

गर्भवती स्त्रिया, हृदयविकार वा अनियंत्रित रक्तदाब असलेल्या व्यक्ती, पाठीच्या वा मानेच्या मणक्यांचे विकार असणारे, अपस्माराचे रुग्ण आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी हा मोह टाळावा. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. मद्यपान करून उड्डाण करू नये. भरपेट जेवणानंतर लगेच जाऊ नये. साडी, ओढणी, मोकळे सोडलेले लांब केस यांना छत्राच्या दोऱ्यांत अडकण्याची शक्यता असते. दागिने, मोबाईल व पाकीट नातलगांकडे द्यावे, चष्म्याला दोरी बांधावी. लहान मुलांना एकटे पाठवू नये. हलके वजन वाऱ्यात स्थिर राहत नाही, त्यामुळे त्यांच्याबरोबर मोठे माणूस असावे आणि किमान व कमाल वजनाची मर्यादा आयोजकाकडून समजून घ्यावी.

उड्डाणापूर्वी पुष्कळ ठिकाणी एका छापील कागदावर सही घेतात. ‘घडणाऱ्या घटनेस मी स्वतः जबाबदार’ अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो. बँकेत आपण ग्राहकांना न वाचता सही करू नका असे सांगतो. येथेही तोच नियम लागू. विम्याचेही तसेच. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत, साहसी क्रीडांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यास होणारा उपचारखर्च वगळलेला असतो. हौशी पर्यटकाची स्थिती वेगळी असते. परंतु वैयक्तिक अपघात विमा आणि परदेश प्रवास विमा यांच्या अटी कंपनीगणिक बदलतात आणि साहसी क्रीडांसाठी वेगळा हप्ताही असू शकतो. म्हणून निघण्यापूर्वी पॉलिसीतील अपवादांचे पान वाचावे. २०१५ पासून सुरू असलेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदारांना वार्षिक २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. तिचा हप्ता आपल्या खात्यातून यंदा वजा झाला आहे किंवा नाही, हे पासबुकात एकदा पाहून ठेवणे केव्हाही चांगले. त्या योजनेचे नियम व अपवादही शाखेतून समजून घ्यावेत.

आनंदाचा अधिकार

इतक्या सूचना वाचून कोणाचा उत्साह मावळू नये. योग्य वारा, नवा दोर, दक्ष चालक आणि नीट बांधलेले पट्टे असतील, तर पॅरासेलिंग हा निर्मळ आनंद आहे. ज्यांनी आयुष्यभर टेबलापाशी बसून आकड्यांचा मेळ घातला, त्यांना साठीनंतरही काही मिनिटे पाखराच्या नजरेने समुद्र पाहता यावा, ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी ना व्यायामशाळेत जावे लागते, ना प्रशिक्षण घ्यावे लागते.

मात्र या खेळात धाडस दाखवण्याची जागा आकाशात नाही, ती किनाऱ्यावर आहे. पैसे भरले आहेत, रांगेत तासभर उभे राहिलो आहोत, मुले आतुर झाली आहेत, बरोबरीचे लोक हसतील, आणि तरीही वारा वाढल्याचे पाहून ‘आज नको, उद्या सकाळी येऊ’ असे म्हणण्यास खरे धैर्य लागते. समुद्र तेथेच असतो, छत्रही तेथेच असते. ज्याला नकार देता येतो, त्यानेच निश्चिंतपणे होकार द्यावा आणि वर गेल्यावर पट्टे घट्ट धरलेले हात सैल सोडून खालचे निळे पाणी डोळे भरून पाहावे.